लायडन येथील उपचार आणि एक साक्ष

७ जून १९६१ रोजी जेरुसलेममध्ये, आइकमनवरील खटल्यात, एक लेखक साक्षीसाठी उभा राहिला. 'का-त्सेटनिक १३५६३३' या नावाने तो लिहीत असे. का-त्सेटनिक म्हणजे छळछावणीतला कैदी. पुढचा आकडा आउशविट्झमध्ये हातावर गोंदलेला. येहिएल दि-नूर हे त्याचे खरे नाव त्या दिवशी जाहीरपणे उघड झाले. आउशविट्झ हा निराळाच ग्रह होता, तिथला काळ इथला नव्हता, तिथल्या माणसांना नावे नव्हती, असे तो सांगू लागला आणि थोड्याच वेळात बेशुद्ध होऊन कोसळला.

छावणीतून सुटल्यापासूनची तीस वर्षे दुःस्वप्नांत गेली. अखेर पत्नीच्या आग्रहाखातर १९७६ साली तो हॉलंडमधील लायडनला प्राध्यापक यान बास्टियान्स यांच्याकडे गेला. छावण्यांतून वाचलेले लोक व प्रतिकार चळवळीतले कार्यकर्ते यांच्यावर बास्टियान्स उपचार करीत. आधी पेंटोथॉल, तेवढ्याने भागले नाही तर एलएसडी. आल्बर्ट हॉफमन यांनी १९३८ मध्ये बाझेल येथे तयार केलेल्या या द्रव्यावर हॉलंडमध्ये १९६६ पासून बंदी होती. बास्टियान्स यांना मात्र खास मुभा होती. मनात कोंडून राहिलेली छावणी डॉक्टर शेजारी असताना पुन्हा पाहावी, बोलून दाखवावी, अशी यामागची कल्पना.

दि-नूरला त्या अवस्थेत काय दिसले? भट्टीकडे निघालेल्या ट्रकवर तो स्वतः, आणि पहाटेच्या थंडीत कोटाच्या खिशात हात घालून जांभई देणारा एक एस.एस. शिपाई. ज्याला आपल्यासारखीच झोप येते तो परग्रहावरचा कसा असेल? त्याच्या जागी आपण आणि आपल्या जागी तो असू शकला असता, या जाणिवेने दि-नूर हादरला. १९६१ची उपमा त्याने स्वतःच मोडीत काढली: आउशविट्झ माणसांनीच उभारले होते. आम्हांस या उपचाराचे सर्वांत मोठे फलित हेच वाटते. पूर्वीच्या कादंबऱ्यांत हॅरी प्रेलेश्निक या पात्राआड राहून लिहिणारा हा लेखक 'शिविती' (१९८७) या पुस्तकात प्रथमच 'मी' म्हणून बोलतो.

एका रुग्णाच्या पुस्तकावरून औषधाची महती गाऊ नये, हेही खरे. बास्टियान्स यांच्या पद्धतीची काटेकोर तपासणी कधी झाली नाही. आजही वाद मिटलेला नाही: एमडीएमए या द्रव्याच्या साहाय्याने मानसिक आघातावर उपचार करण्यास ऑस्ट्रेलियाने २०२३ मध्ये मर्यादित परवानगी दिली, तर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२४ मध्ये पुरावा अपुरा ठरवून ती नाकारली. शिवाय दि-नूरला मिळाली ती नुसती शांतता नव्हे. शिपायाची जांभई पाहून आलेले भान दुःस्वप्नाहून सुसह्य होते, असे कोण म्हणेल?

पाच सत्रांनंतर त्याने पुढचे उपचार नाकारले आणि तो घरी परतला. जे दिसले ते कागदावर उतरायला आणखी दहा वर्षे लागली.