घरातील शुश्रूषा : इंग्लंडमधील एका सीमारेषेचा इतिहास

चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषधद्रव्य, उपस्थाता आणि रोगी. उपस्थाता म्हणजे रोग्याजवळ राहून त्याची सेवा करणारा. त्याच ग्रंथात रुग्णगृहाच्या सिद्धतेचे जे वर्णन येते, त्यात अन्न शिजविणारे, स्नान घालणारे, रोग्यास उठविणारे-बसविणारे आणि औषधे वाटणारे परिचारक एकाच यादीत आहेत. ह्यांपैकी कोणते काम वैद्यकीय व कोणते अवैद्यकीय, असा प्रश्न ग्रंथकारास पडलेला नाही.

आधुनिक राज्यसंस्थेने मात्र ह्या उपस्थात्याची दोन माणसे केली. घरी अंथरुणाला खिळलेला अथवा जराजर्जर माणूस असला म्हणजे शिकलेल्या परिचारिकेस बोलवावे की मदतनीस बाईवर भागवावे, हा कुटुंबापुढील आजचा प्रश्न पुष्कळ अंशी त्या विभागणीतून निघाला आहे. ही सीमारेषा रोग्याच्या गरजेवरून ओढली गेली की अन्य कशावरून, हे इंग्लंडच्या उदाहरणावरून तपासण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. तेथे दोन्ही सेवांचा उगम, कायदा आणि खर्चाची व्यवस्था ह्यांचा माग सलग लावता येतो.

लिव्हरपूलचे व्यापारी विल्यम रॅथबोन ह्यांची पत्नी १८५९ मध्ये निवर्तली. तिच्या अखेरच्या आजारात शुश्रूषा करणाऱ्या मेरी रॉबिन्सन ह्या परिचारिकेस त्यांनी शहरातील गरिबांच्या घरी जाऊन रोग्यांची सेवा करण्यासाठी नेमले. पुढे फ्लॉरेन्स नाइटिंगेल ह्यांच्या सल्ल्याने तेथील रॉयल इन्फर्मरीस जोडून परिचारिकांची शिक्षणशाळा निघाली आणि शहराचे अठरा विभाग पाडून ही सेवा सर्वत्र नेण्यात आली. ह्या विभागांवरूनच ‘डिस्ट्रिक्ट नर्स’ हे नाव रूढ झाले. व्हिक्टोरिया राणीच्या १८८७ च्या राज्यारोहणमहोत्सवासाठी स्त्रियांनी जमविलेल्या निधीतून सुमारे ७०,००० पौंड ह्या कार्यास मिळाले व त्यातून देशव्यापी संस्था उभी राहिली.

ह्या परिचारिकेचे काम कोणते, ह्याविषयी नाइटिंगेल ह्यांनी १८७६ मध्ये ‘टाइम्स’ पत्रात जे प्रतिपादिले ते लक्षणीय आहे. रोग्याप्रमाणेच त्याच्या खोलीचीही शुश्रूषा झाली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. घाण दूर करणे, हवा खेळती ठेवणे आणि घरच्यांना हे सर्व करावयास शिकविणे ही त्यांच्या मते शुश्रूषाच होय. त्यांना जी रेषा ओढावयाची होती ती निराळी होती : परिचारिकेने दानधर्म वाटीत फिरू नये. केरसुणी तिच्या हातून काढून घ्यावी, असे त्यांनी म्हटले नाही.

घरकामाच्या मदतीचा उगम दुसरीकडे आहे. लंडनच्या पूर्व भागातील ज्यू वस्तीत अ‍ॅलिस मॉडेल ह्यांनी १८९५ मध्ये एक संस्था काढली. बाळंतिणीच्या घरी जाऊन स्वयंपाक, धुणे व मुलांची देखभाल करणाऱ्या स्त्रिया ती पुरवी. १९१८ च्या माता-बालकल्याण कायद्याने अशा मदतीस स्थानिक संस्थांचा आश्रय मिळाला. १९४४ मध्ये, युद्धकाळातील एका नियमान्वये, ती आजारी व वृद्ध माणसांच्या घरांपर्यंत पोहोचली. म्हणजे बाळंतिणीसाठी निघालेली सेवा अर्धशतकाने वृद्धांकडे वळली.

१९४६ च्या राष्ट्रीय आरोग्य सेवा कायद्याने ह्या दोन्ही धारा एकत्र आणल्या. हा कायदा ५ जुलै १९४८ पासून अमलात आला. परिचारिका आणि घरकामाची मदतनीस ह्या दोघीही एकाच स्थानिक आरोग्ययंत्रणेच्या कक्षेत आल्या. तथापि कायद्याच्या शब्दांतच भेद राहिला. कलम २५ प्रमाणे घरी परिचारिका पुरविणे हे कर्तव्य ठरले व ती सेवा विनामूल्य झाली. कलम २९ प्रमाणे घरकामाची मदत देणे ऐच्छिक राहिले व तिचे शुल्क घेण्याची मुभा मिळाली. पुढील सर्व वादांचे बीज ह्या दोन कलमांतील अंतरात आहे, असे आमचे मत आहे.

१९७१ मध्ये मदतनिसांची व्यवस्था स्थानिक संस्थांच्या नव्या समाजसेवा विभागांकडे गेली. १ एप्रिल १९७४ रोजी परिचारिका राष्ट्रीय आरोग्य सेवेकडे गेल्या. कार्यालये दोन झाली, अंदाजपत्रके दोन झाली. रोगी मात्र एकच होता. त्यानंतर जो वाद वाढला तो वरवर पाहता क्षुल्लक वाटेल : वृद्धास आंघोळ कोणी घालावयाची? त्वचारोगासारखे वैद्यकीय कारण असल्यास ती ‘आरोग्य-स्नान’ ठरे व परिचारिका ती विनामूल्य घाली. केवळ स्वच्छतेसाठी असल्यास ती ‘सामाजिक स्नान’ ठरे, तिची सोय मदतनिसाकडून होई व तिचे पैसे पडू शकत. ज्यूलिया ट्विग ह्यांनी १९९७ मध्ये ह्या भेदाचे मार्मिक विश्लेषण केले आहे. पाणी तेच, देह तोच आणि परक्या हाताने न्हाऊ घेताना वाटणारा संकोचही तोच. बदलत असे तो केवळ खर्च सोसणारा.

१९९९ मध्ये सर स्टुअर्ट सदरलँड ह्यांच्या अध्यक्षतेखालील राजकीय आयोगाने स्नान, वस्त्रे घालणे, भरविणे अशी देहाशी निगडित सेवा गरज पाहून विनामूल्य द्यावी, अशी शिफारस केली. दोन सदस्यांनी खर्चाच्या कारणास्तव भिन्न मत नोंदविले. इंग्लंडमध्ये ती शिफारस अमान्य झाली. स्कॉटलंडने १ जुलै २००२ पासून पासष्ट वर्षे व त्यावरील व्यक्तींसाठी ती स्वीकारली आणि २०१९ मध्ये त्याखालील प्रौढांनाही लागू केली. तथापि तेथेही रेषा पुसली गेली नाही, ती सरकली. केरवारा व बाजारहाट सशुल्कच राहिले, आणि जेवण तयार करून देणे कोणत्या बाजूस मोडते ह्यावर काही वर्षे मतभेद चालू होते.

ह्यावरून वैद्यकीय व अवैद्यकीय हा भेद निराधार आहे, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. जखम बांधणे, सुई टोचणे, मूत्रनलिका घालणे ह्या कामांस शिक्षित हातच हवा. तेथील चूक जिवावर बेतते. परंतु ह्या टोकापासून केर काढण्यापर्यंत जो विस्तीर्ण मधला प्रदेश आहे, त्यात रेषा कोठे पडावी हे शरीरशास्त्राने ठरविलेले नाही. ते कायद्याने, कार्यालयाने आणि तिजोरीने ठरविले आहे. ज्या कामास दोन्ही खाती नाकारीत, ते बहुधा घरातील पत्नीच्या अथवा मुलीच्या अंगावर पडे, आणि त्याची नोंद कोणत्याच दप्तरात होत नसे.

यास्तव कुटुंबाने केलेली ‘निवड’ अभ्यासताना त्यांच्यापुढे कोणती दारे उघडी होती, हे इतिहासकाराने प्रथम विचारले पाहिजे. आपल्या शहरांतही आता रुग्णसेविका आणि दिवसभर सांभाळणारी मावशी ह्यांचे दर वेगळे सांगितले जातात. त्या दरांमागील इतिहास अद्याप लिहावयाचा आहे; तो लिहिणाऱ्याने दोघींच्या कामांच्या याद्या शेजारी शेजारी मांडून आरंभ करावा.