मध्यंतरातल्या भिंती

धोबी तलावच्या मेट्रो चित्रपटगृहात माझे मामा मला पहिल्यांदा घेऊन गेले, तेव्हा खेळ सुरू व्हायला अर्धा तास होता. आत शिरताना ते म्हणाले, "इथल्या भिंती आमच्या जेजेच्या पोरांनी रंगवल्या होत्या." मामा स्वतः जे. जे. कलाशाळेत शिकलेले. पुढे पोटासाठी त्यांनी उपाहारगृहांच्या आणि लॉजच्या भिंती रंगवल्या. घरात त्या कामाला 'धंद्याचे काम' म्हणत, आणि मामा ते मुकाट्याने ऐकून घेत. त्यांनी रंगवलेली एकही भिंत आज शिल्लक नाही. या लेखाचे निमित्त तेवढेच.

भिंतीवरच्या चित्राचा विषय निघाला की आपण अजिंठ्याला जातो. जेजेचा भित्तिचित्रांशी संबंधही तिथूनच सुरू होतो. १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती केल्या. पुढे ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या कारकिर्दीत कलाशाळेत भित्तिचित्रांचा स्वतंत्र वर्ग सुरू झाला. १९२४ च्या वेम्बली येथील साम्राज्य प्रदर्शनासाठी विद्यार्थ्यांनी एक संपूर्ण दालन सजवले आणि १९२० च्या दशकाच्या अखेरीस नव्या दिल्लीच्या सचिवालयात चित्रे रंगवली. तोवर भिंत सरकारची होती आणि विषय भारदस्त होते. पुढच्या दशकात मुंबईत भिंतीला नवा मालक मिळाला. तो म्हणजे चित्रपटगृह.

१४ ऑक्टोबर १९३३ रोजी कुलाब्याचे रीगल उघडले. इमारत चार्ल्स स्टीव्हन्स यांची, तर अंतर्भागाची सजावट कार्ल शारा या चेक कलावंताची. सभागृहात फिकट नारिंगी आणि हिरव्या रंगांत सूर्यकिरणांचे आकृतिबंध होते. ऐन उन्हातून आलेल्या प्रेक्षकाला आत गार आणि मोकळे वाटावे, असा सगळा बेत. वातानुकूलन यंत्राने व्हायचे, पण गारव्याचा भास रंगांनी व्हायचा. १९३८ साली दोन चित्रपटगृहे आली. चर्चगेटसमोरच्या इरॉसचे वास्तुरचनाकार शोराबजी भेदवार. तिथे काळा-पांढरा संगमरवर, सोनेरी छटा, जिन्याला क्रोमियमचे कठडे आणि भिंतींवर सौम्य रंगांत भारतीय विषयांची चित्रे होती. दुसरे मेट्रो. अमेरिकेच्या मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीने ते न्यूयॉर्कच्या थॉमस लॅम यांच्या आराखड्यावरून बांधले. तिथली भित्तिचित्रे सॉलोमन यांच्यानंतर जेजेची सूत्रे हाती घेतलेल्या चार्ल्स जेरार्ड यांच्या देखरेखीखाली विद्यार्थ्यांनी केली.

एक गोष्ट सहज विसरली जाते. त्या काळचे बहुतेक बोलपट कृष्णधवल होते. तिकीट काढून आलेल्या माणसाला रंग दिसत ते पडद्यावर नव्हे, भिंतीवर. शिवाय या चित्रांना वेळेचे बंधन होते. खेळाआधीची दहा-पंधरा मिनिटे आणि मध्यंतर, एवढाच त्यांचा अवधी. चहाचा कप हातात धरून, गर्दीत उभ्याने, बोलता बोलता माणूस चित्र बघणार. म्हणून रेषा ठळक हवी आणि विषय चटकन कळणारा हवा. सभागृहातल्या भिंतीला आणखी एक अट असते. पडद्याचा प्रकाश तिच्यावरून उसळून पडद्यावर पुन्हा पडता कामा नये. तिथला रंग दबका ठेवण्यामागे आवडीइतकाच व्यवहारही असतो. अशा अटींत काम करणे ही कलेची हलकी शाखा आहे, असे मला वाटत नाही. कलादालनाची पायरी कधी न चढलेल्या कितीतरी मुंबईकरांनी पाहिलेली पहिली मोठी चित्रे याच भिंतींवरची असणार.

तरी या चित्रांचे आयुष्य दुकानाच्या पाटीइतकेच. मालकाच्या दृष्टीने चित्र हा फर्निचरचा भाग. खुर्च्या बदलल्या की तेही बदलायचे. मुंबईच्या दमट हवेने पोपडे धरतात, डागडुजीपेक्षा नवा रंग स्वस्त पडतो. वारशाचे संरक्षणही इमारतीच्या दर्शनी भागापाशी बहुधा थबकते. २०१८ मध्ये मुंबईच्या गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींचा समूह जागतिक वारसा ठरला. इरॉस त्यात आहे. काही वर्षे बंद राहून २०२४ मध्ये ते आयमॅक्स म्हणून पुन्हा उघडले. बाहेरून ते लगेच ओळखू येते. आतले सभागृह मात्र नव्या पडद्याच्या मापाने घडवलेले आहे. यात कोणाला खलनायक ठरवण्याचे कारण नाही. रिकामे राहून पडण्यापेक्षा चालते चित्रपटगृह केव्हाही बरे. पण आत काय होते याची नोंद राहायला हवी होती, असे वाटतेच.

रीगलपासून दोन मिनिटांवर कॅफे मोंडेगार आहे. तिथे भिंतभर मारिओ मिरांडा आहेत. एका भिंतीवर मुंबई, दुसरीवर कॅफेतलीच लगबग. बीअर आणि चिप्सच्या बशांमागे ती चित्रे अजून आहेत, आणि माणसे खास ती बघायला येतात. हीसुद्धा धंद्याच्या जागेतली भिंतच. मग ती कशी टिकली? माझ्या मते एक मोठे कारण म्हणजे तिला नाव आहे. 'मारिओची भिंत' पुसायला मालकाचा हात धजत नाही. 'जेजेच्या विद्यार्थ्यांची भिंत' पुसायला कोणाची परवानगी घ्यायची?

मामा गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत एका भिंतीचा फोटो मिळाला. होडी ओढणारे कोळी, मागे समुद्र. ते उपाहारगृह अजून चालते. भिंतीवर आता आरसे आहेत. फोटोच्या मागे मामांनी पेन्सिलीने साल, वापरलेले रंग आणि भिंतीची लांबी-रुंदी लिहिली आहे. खाली तीन नावे आहेत. पहिली दोन त्यांच्या मदतनिसांची. तिसरे त्यांचे स्वतःचे.

ज्या कामाबद्दल घरात त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही, त्याची एवढी चोख नोंद त्यांनी ठेवली होती. तुमच्या गावातल्या जुन्या टॉकीजमध्ये किंवा खानावळीत असे एखादे चित्र अजून असेल, तर पुढच्या रंगकामाआधी त्याचा फोटो काढा. आणि कोणी रंगवले ते गल्ल्यावर बसलेल्या म्हाताऱ्याला विचारून मागे लिहून ठेवा.