रंगीत पोपटांची घरची पैदास

पोपट म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो हिरव्या अंगाचा, लाल चोचीचा राघू. पण तालुक्याच्या बाजारात पिंजऱ्यातले निळे, पिवळे, पांढरे असे इवलेसे पोपटही आपण पाहिले असतील. लोक त्यांना ‘लव्हबर्ड’ म्हणतात. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले. हा पक्षी ऑस्ट्रेलियाचा, आणि त्याचे नाव बजरिगर. इतके रंग त्याच्या अंगी आले कुठून, याची हकीकत ऐकण्याजोगी आहे.

ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळरानांवर हा पक्षी थव्याने राहतो. तिथे त्याचा रंग हिरवा. जॉर्ज शॉ या इंग्रज शास्त्रज्ञाने 1805 साली त्याचे वर्णन केले. पुढे 1840 मध्ये पक्षितज्ज्ञ जॉन गूल्ड याने जिवंत बजरिगर इंग्लंडात आणले. ते त्याच्या मेहुण्याने, चार्ल्स कॉक्सनने, ऑस्ट्रेलियात वाढवले होते. लोकांना या पाखराचे वेड लागले आणि रानातले थवे धरून जहाजांनी युरोपात जाऊ लागले.

पण पाळणाऱ्यांच्या लवकरच एक गोष्ट ध्यानात आली. हा पक्षी काड्यांचे घरटे बांधत नाही. झाडाच्या ढोलीत अंडी घालतो. मग ढोलीऐवजी पोकळ लाकूड दिले, तर? आपल्याकडे त्याच जागी मडके टांगतात. मादी दिवसाआड एक अशी चार ते सहा अंडी घालते आणि सुमारे अठरा दिवस उबवते. पिले पाच आठवड्यांत बाहेर पडतात. खायला राळे, बाजरी, थोडा हिरवा पाला आणि चुन्यासाठी समुद्रफेण. एवढे जमले, की जाळीच्या पक्षिघरात पैदास चालू राहते. रानात जाळे टाकावे लागत नाही.

रंगांचा उलगडाही याच पक्षिघरात झाला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बेल्जियममध्ये आधी पिवळे आणि मग निळे बजरिगर पैदा झाले. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात जर्मनीतील ब्रेमेनच्या हान्स डुंकर यांनी या रंगांचा वारसा तपासला. शिक्षकबंधूंनी हे उदाहरण वर्गात जरूर सांगावे. पिसात एक पिवळे द्रव्य असते. शिवाय पिसाची घडण आणि आतले काळसर द्रव्य यांच्यामुळे निळा रंग दिसतो. निळा आणि पिवळा मिळून हिरवा! पिवळे द्रव्य नसले की पक्षी निळा, काळे नसले की पिवळा, दोन्ही नसली की पांढरा. शुद्ध हिरव्याची निळ्याशी जोडी लावली, तर पिले सारी हिरवीच निघतात. पण अशा दोन हिरव्यांची पुढे जोडी लावली, की सरासरीने चारांत एक पिलू निळे. मेंडेलने वाटाण्यात पाहिलेला नियम तो हाच.

आता म्हणाल, हा सारा हौसेचा मामला झाला. पण याच विद्येवर एखाद्या जातीचा जीव टांगलेला असतो. अमेरिकेचा कॅरोलिना पोपट पाहा. त्याचे थवेच्या थवे मारले गेले, आणि टिकाऊ पैदास मात्र कुणी उभी केली नाही. पिंजऱ्यातला शेवटचा पोपट 1918 साली सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेला.

उलट ब्राझीलचा निळा स्पिक्स मकाव. 1990 साली रानात त्याचा एकच नर आढळला, आणि 2000 साली तोही दिसेनासा झाला. जात उरली ती पाळलेल्या पक्ष्यांत. 2020 मध्ये 52 पक्षी जर्मनीहून ब्राझीलला नेले, आणि जून 2022 मध्ये त्यांतले आठ मोकळे सोडले. पण हेही विसरू नये, की रान उजाडले ते जंगलतोडीने, आणि उरलेले पक्षी धरून नेले ते पिंजऱ्यांच्या हौसेनेच. जे पिंजऱ्याने ओरबाडले, ते पैदाशीने परत द्यायला दोन दशके लागली, आणि काम अजून संपलेले नाही.

म्हणून हौस करायचीच, तर पिंजऱ्यात जन्मलेल्या बजरिगराची करावी. पंख पसरता येतील एवढी मोठी जाळी द्यावी, आणि जोडीने ठेवावे. हा थव्यातला जीव आहे. आपला राघू मात्र पाळू नये. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पकडणे, विकणे, पिंजऱ्यात बाळगणे गुन्हा आहे. तो कणसे खातो म्हणून शेतकरी चिडतो, आणि ते चिडणेही खरेच आहे. त्याला खुशाल हाकलावे. पण बांधावरचा ढोलीचा जुना वृक्ष तोडताना, ढोलीत पिले आहेत का, हे आधी पाहावे. राघूचे पक्षिघर तेच आहे, आणि त्याला जाळी लागत नाही.