तीन नंबरचा व्हॉल्व्ह आणि फडाचा पाटकरी

मे महिन्यात पपईच्या तिसऱ्या प्लॉटमधली रोपं माना टाकायला लागली. मार्चची लागवड, आपल्या नंदुरबारचं ऊन, आणि मी निर्धास्त! कारण ठिबकचा कंट्रोलर रोज दाखवायचा, तीन नंबर चालू, वेळ पूर्ण. डब्यावर सगळं बरोबर, आणि मातीत बोट घातलं तर कोरडीठाक. तीन दिवस पाणीच गेलेलं नव्हतं.

माझं आजोळ साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी. तिथे लहानपणी फडाच्या गोष्टी खूप ऐकल्या. नवीन पोरांना फड म्हटलं की तमाशाचा किंवा उसाचा आठवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पांझरा, मोसम आणि आरम या तीन नद्यांवर, म्हणजे धुळे आणि नाशिककडे, ही पद्धत ३००-४०० वर्षांपासूनची मानतात. नदीत दगडी बंधारा. त्यातून पाट निघायचा, कुठे २ किलोमीटर, कुठे १२. पाटाला चाऱ्या आणि जादा पाणी परत नदीत सोडायला सांडवे. भिजणाऱ्या जमिनीचे साधारण चार भाग, तेच फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. कोणत्या फडात ऊस, कोणत्यात हंगामी पीक, कोणता पडीक, हे दरवर्षी गावाने बसून ठरवायचं. त्यामुळे पिकाची फेरपालट आपोआप व्हायची आणि जमीन चिबडत नसे. आपण आज ऊसावर ऊस घेतो आणि मग माती परीक्षणाचा कागद घेऊन फिरतो, ते वेगळं.

खरी गंमत पाणी देण्यात. शेतकऱ्याने स्वतः चारी फोडायची नाही. पाणी द्यायचं काम पाटकऱ्याचं. पिकाच्या राखणीला जागल्या आणि या सगळ्यांवर देखरेखीला हवालदार. मोबदला पिकातून मिळायचा, म्हणजे पीक वाळलं तर पाटकऱ्याच्या पोटालाही चिमटा. पाणी कुठे अडलं तर पाटकरी पाटाच्या कडेकडेने चालत जायचा. वरच्या चारीत आहे, खालच्या चारीत नाही, मग खोटी या दोघींच्या मधेच कुठेतरी. खेकड्याचं बीळ, गाळ, नाहीतर रात्री कोणी लावलेला हात.

आपल्या तापीकाठी असा फड का नाही? तापीचे काठ उंच, पात्र खोल. नुसता बंधारा घालून पाणी शेतात चढत नाही. प्रकाशा आणि सारंगखेड्याचे बॅरेज अलीकडचे, आणि तिथूनही पाणी उपसावंच लागतं. म्हणून आपल्याकडे विहीर आणि मोट. एक माणूस बैल हाकायचा, दुसरा बारे द्यायचा. बारे देणाऱ्याचे पाय चिखलात असायचे, त्याला पाणी पोहोचलं की नाही हे विचारावं लागत नसे.

मग ऑइल इंजिन आलं, मग विजेची मोटर. वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. साप-विंचवाच्या भीतीने आपण स्टार्टरला ऑटो बसवला. आपल्या शेतातला पहिला कंट्रोलर तोच. लाइट आली की गावभर सगळ्या मोटरी एकदम सुरू आणि डीपी बसली! तिकडे इस्राएलमध्ये सिम्का ब्लास यांच्या ठिबकचं उत्पादन सुरू झालं, पुढे ते आपल्याकडेही आलं. वेळ लावायचा डबा त्याच्या मागोमाग. अमेरिकेत असल्याच डब्यावर घरापुढची हिरवळ भिजवतात. हिरवळ पिवळी पडली तर कोणाचं कर्ज थकत नाही.

तर हा डबा फक्त वेळ मोजतो. २४ व्होल्ट तारेत सोडतो आणि व्हॉल्व्ह उघडला असं धरून चालतो. पाणी त्याला दिसत नाही.

मग मी पाटकऱ्यासारखाच चालत निघालो. फिल्टरजवळ दाब होता, म्हणजे मोटर आणि मेन लाइन ठीक. व्हॉल्व्हवरची कॉइल हाताने थोडी सैल फिरवली, तर पाणी धो धो सुटलं. म्हणजे पडदा फाटलेला नाही, गाळही नाही. दोष विजेच्या बाजूला. कॉइलच्या दोन्ही तारा सोडून मीटर लावला, ३० ओहमच्या आसपास दाखवलं. साधारण २० ते ६० ओहम असेल तर कॉइल चांगली समजायची, शून्याजवळ आला तर जळाली, काहीच दाखवलं नाही तर आतून तुटली. तारा परत जोडल्या आणि डब्याकडच्या टोकाला, तीन नंबर आणि कॉमन सोडवून, तेच मोजलं. काहीच नाही. बाकीचे व्हॉल्व्ह चालू होते, म्हणजे कॉमन शाबूत. तुटली होती तीन नंबरचीच तार.

बांधाजवळ उकरलं तर जोड सापडला. जोडणाऱ्याने नुसती काळी पट्टी गुंडाळलेली, आत तांबं हिरवं पडून गळून गेलेलं. नवा जोड ग्रीस भरलेल्या टोपीत केला. काम दहा मिनिटांचं, शोधायला अर्धा दिवस. कंट्रोलर बदलायला निघालो होतो, तो खर्च वाचला.

सत्तरेक रोपं गेली, तिथे नांग्या भरल्या. जोडाच्या जागी दगड रोवून त्यावर चुन्याने ३ लिहिलंय. आणि प्रत्येक व्हॉल्व्हच्या शेवटच्या लॅटरलखाली एक डबडं ठेवलंय. सकाळी फेरीत आधी डबडी बघतो, मग कंट्रोलर.