आगकाड्यांचे कूळ

दादासाहेब फाळक्यांचे नाव निघाले की ‘राजा हरिश्चंद्र’पाशी बहुतेकांची जिज्ञासा शमते, परंतु त्याच गृहस्थाने १९१५ साली ‘आगकाड्यांची मौज’ नामक चिमुकला पट काढून पेटीतल्या निर्जीव काड्यांना चालते केले, ही गोष्ट जुन्या व्यंगपटांच्या शौकिनांतही क्वचितच कोणाच्या खिजगणतीत असते. पुढे १९३४ चा प्रभातचा ‘जंबूकाका’ आला, १९५६ साली फिल्म्स डिव्हिजनचा कार्टून विभाग निघाला. तो वंशक्रम निर्विवाद आहे. वाद आहे तो मूळ पुरुषाचा.

या मिळकतीवर पहिला दावा फ्रेंच एमिल कोलचा, कारण त्याने १९०८ सालीच गोमाँ कंपनीसाठी काड्या नाचविल्या होत्या. दुसरा इंग्रज आर्थर मेलबर्न-कूपरचा. सैनिकांना आगपेट्या पाठवा, असे आवाहन काड्यांच्याच माणसाकडून लिहवून घेणारा त्याचा लघुपट काही अभ्यासक बोअर युद्धाच्या १८९९ सालात घालतात, तर काही १९१४ सालात. हा दुसरा पक्ष ग्राह्य धरला तर प्रकरण मोठे चमत्कारिक होते. कारण १९१४ साली खुद्द फाळके लंडनला जाऊन आले होते!

तथापि माझा कौल कुंडीतल्या वाटाण्याला आहे. १९१२ च्या सुमारास फाळक्यांनी उगवत्या वाटाण्याची चित्रे अंतराअंतराने टिपून ‘अंकुराची वाढ’ पडद्यावर दाखविली आणि तिच्याच जोरावर यशवंतराव नाडकर्णींकडून भांडवलाची तजवीज केली. ज्याने रोपाची वाढ अशी खंडशः पकडली, त्याला रोपाच्या जागी काडी आणि निसर्गाच्या जागी स्वतःचे बोट ठेवण्यास कोलची शिकवणी कशाला हवी? उलव्यात खिडक्या लावून घेऊन (खाडीवरचे वारे काडीला ठरू देत नाही) मी मोबाइलवर हा उद्योग करून पाहिला. काडी जवभर सरकवायची, हात बाजूला घ्यायचा, चित्र टिपायचे. गुलाचे टोक किंचित वाकडे राहिले की पडद्यावर काडी लंगडते. सेकंदाला १६ चित्रे धरली, तर मिनिटाला ९६० वेळा हाच जप.

काडी मात्र परकी होती, हे कबूल. त्या काळी आगपेट्या बहुतांशी स्वीडन-जपानहून येत. मग काड्याच का, असे प्रतिपक्ष विचारील. महायुद्धामुळे भांडवल आटले असता बिनपगारी नट दुसरे कोणते मिळणार? शिवाय ‘लक्ष्मीचा गालिचा’ या लघुपटात फाळक्यांनी नाण्यांनाही असेच चालविले. ती नाणी कोल वा कूपर यांच्या खात्यावर कोणी मांडून दाखवावीत.