शेजाऱ्याच्या हाती दिलेले टपाल



१९२२ सालापासून गोदाकाठी चालत आलेल्या या व्याख्यानमालेत साम्राज्यांवर आणि तत्त्वज्ञानांवर पुष्कळ बोलले गेले आहे. मी बोलणार आहे ते एका पुडक्याविषयी. टपालवाला किंवा कुरियरचा पोरगा पुडके घेऊन दारी येतो. घराला कुलूप आहे, किंवा आत माणूस आजारी आहे, आणि गावात साथ चालू आहे. अशा वेळी ते पुडके त्याने शेजाऱ्याच्या हाती द्यावे की देऊ नये? प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु गेली तीस वर्षे मी कामगार संघटनेचे काम करीत आलो आहे, आणि कोण कोणाचा धोका आपल्या अंगावर घेतो हे समजून घ्यायचे तर असल्याच प्रश्नांपासून सुरुवात करावी लागते, असा माझा अनुभव आहे. माझे शालेय शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढचे सारे सातपूरच्या कारखान्यात आणि सार्वजनिक वाचनालयाच्या टेबलाशी झाले. तेव्हा इतिहासाच्या पंडितांनी माझ्या मांडणीकडे थोड्या मायेने पाहावे.

टपालाच्या बाबतीत नाशिककरांना थोडा अभिमान बाळगण्याचा हक्क आहे. १९२५ सालापासून नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यात टपालाची तिकिटे छापली जाऊ लागली. पण तिकीट म्हणजे प्रवासाचे भाडे. मला पाहायचा आहे तो प्रवासाचा शेवटचा हातभर टप्पा, उंबरठ्यावरचा.

या टप्प्याबद्दल कायदा काय म्हणत असे? हिंदुस्थानच्या टपाल कायद्यांतला सर्वांत दीर्घायुषी कायदा १८९८ चा. तो १ जुलै १८९८ रोजी अमलात आला आणि २०२३ च्या नव्या टपाल कायद्याने जून २०२४ मध्ये त्याची जागा घेईपर्यंत, म्हणजे जवळजवळ १२६ वर्षे, चालला. टपाल ‘पोचले’ असे केव्हा समजावे, हे त्याच्या तिसऱ्या कलमात सांगितले होते. पत्त्यावरच्या घरी किंवा कचेरीत दिले, खुद्द त्या गृहस्थाला दिले, त्याच्या नोकराला किंवा मुखत्याराला दिले, अथवा टपाल देण्याच्या नेहमीच्या रीतीप्रमाणे ते घेण्याचा अधिकार आहे असे ज्याच्याबद्दल समजता येईल अशा दुसऱ्या कोणाला दिले, तरी ते पोचले असे धरावे. यातल्या ‘नेहमीची रीत’ या शब्दांवर माझी नजर अडली. शेजाऱ्याचे नाव कायद्यात नाही, पण रीतीचे दार उघडे ठेवून त्याला आत यायला वाट करून दिली आहे. आणि त्याच कायद्याच्या सहाव्या कलमाने, टपाल हरवले, भलत्याकडे गेले किंवा उशिरा पोचले तर सामान्यतः सरकार जबाबदार नाही, असेही सांगून टाकले होते. सरकारने रीत मान्य केली आणि जोखीम मात्र लोकांकडे ठेवली. हा चतुरपणा पुढे खासगी धंद्याने फार मनोभावे शिकून घेतला.

हा कायदा झाला ते वर्ष कोणते हे ध्यानात घ्या. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी गाठीचा ताप ओळखला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा आला. मार्चमध्ये पुण्यात घरझडत्या सुरू झाल्या. त्याच महिन्याच्या १० तारखेला सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करता करता प्लेगनेच गेल्या. २२ जूनच्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली. मुंबईतून लाखो माणसे गावाकडे पळाली. गिरण्यांना हात मिळेनात, तेव्हा एरवी महिना महिना पगार थकवणारे मालक रोजच्या रोज रोख मजुरी देऊ लागले. (कामगाराची किंमत मालकाला साथीतच का कळते, हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे.) टपाल कायदा या धुमाळीत लिहिला गेला, आणि तरीही त्यात साथीबद्दल अक्षर नाही. उंबरठ्यावर काय करायचे ते टपालवाल्याने आणि शेजाऱ्याने आपापसांत ठरवायचे.

प्लेगमध्ये गाव रिकामे होई. उंदीर पडू लागले की माणसे घरांना कुलपे घालून माळावर, शेतात झोपड्या बांधून राहात. म्हणजे पाकिटावर पत्ता लिहिलेला असे एका घराचा, आणि घरात कोणीच नसे. अशा गावात टपालवाल्याला घर माहीत असून उपयोग नव्हता. माणूस माहीत असावा लागे. कुणाचे बिऱ्हाड कोणत्या माळावर हलले हे सांगणार कोण? जो अजून गावात राहिला आहे तो शेजारी. शेजाऱ्याकडे टपाल ठेवण्याची रीत निव्वळ सोयीतून आली नसावी. असल्या परागंदा काळात तिच्यावाचून गत्यंतरच नव्हते, असे मला वाटते.

शेजारधर्माची परीक्षा आपल्या नाशिकातच कशी झाली, याचे एक उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. १८९९ मध्ये भगूरला सावरकर बंधूंचे वडील दामोदरपंत प्लेगने गेले. घरात आणखी माणसे आजारी, गाव जवळ येईना. तेव्हा नाशिकच्या रामभाऊ दातारांनी या कुटुंबाला आपल्या घरी आसरा दिला. सावरकरांच्या पुढच्या राजकारणाबद्दल या सभेत दहा मते असतील, माझेही एक आहे. पण प्लेगच्या घरातली माणसे स्वतःच्या घरात घेणे म्हणजे काय, हे ज्याने साथ पाहिली आहे त्याला सांगावे लागत नाही. दातारांनी तसे केले ते स्वतःच्या खुशीने, हे मात्र विसरू नका. कोणी त्यांच्या दाराशी पोरे ठेवून निघून गेले नव्हते.

आता मालाच्या धोक्याकडे वळू. पत्रांना रोग चिकटतो ही भीती फार जुनी. युरोपातल्या बंदरांत शतकानुशतके पत्रांना भोके पाडून धुरी देत, व्हिनेगर शिंपडत. १९०३ च्या पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय आरोग्य करारात अखेर ठरले की पत्रे, पुस्तके, वर्तमानपत्रे यांना निर्जंतुक करण्याची सक्ती नको. पण त्या सवलतीतून टपालाची पार्सले मात्र वगळली. कागदाला माफी आणि गाठोड्यावर संशय! गंमत अशी की प्लेगच्या बाबतीत हा संशय अगदीच अनाठायी नव्हता. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने कराचीत प्रयोग करून दाखवले की प्लेग उंदरावरून उंदरावर जातो तो पिसवेमार्फत. त्या वेळी त्याला बहुतेकांनी हसून सोडले. १९०५ नंतर मुंबईत झालेल्या संशोधनाने ते खरे ठरवले. पिसू पाकिटात बसून येत नाही, पण धान्याच्या पोत्यात, चिंध्यांत, कपड्यांच्या गाठोड्यात खुशाल येते. म्हणजे प्लेगमध्ये माणसाच्या बोलण्यापेक्षा त्याच्या बोचक्याला भिणे शहाणपणाचे होते.

१९१८ चा इन्फ्लुएन्झा अगदी निराळा. जूनमध्ये मुंबईच्या गोदीवर नेमलेले पोलीस शिपाई तापाने पडले, आणि ऑक्टोबरच्या ६ तारखेला एकट्या मुंबईत एका दिवसात सातशेहून अधिक माणसे गेली. हा रोग श्वासातून चालला होता. त्याला बोचके लागत नव्हते.

१०२ वर्षांनी पुन्हा श्वासाचाच रोग आला, आणि आपण सगळे प्लेगच्या रीतीने वागलो! मार्च २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत पाहिले की हा विषाणू पुठ्ठ्यावर सुमारे २४ तास आणि प्लास्टिकवर सुमारे ७२ तास तग धरू शकतो. झाले! गंगापूर रोडपासून सिडकोपर्यंत घरोघर पुडकी उन्हात वाळू लागली, दुधाच्या पिशव्यांना साबण लागला. पुढे वर्षभरात स्पष्ट झाले की वस्तूला हात लावून लागण होण्याचा संभव फार थोडा. खरा धोका बंद जागेतल्या हवेचा आणि समोरासमोरच्या बोलण्याचा. म्हणजे शेजाऱ्याकडे ठेवलेल्या पुडक्यात भिण्यासारखे फारसे नव्हते. भिण्यासारखे होते ते त्या पुडक्यापायी होणारे दोन जादा संवाद: एक पोऱ्या आणि शेजारी यांच्यात, दुसरा संध्याकाळी शेजारी आणि मालक यांच्यात. नेमके याकडेच दुर्लक्ष झाले. पुडक्यावर फवारा मारायचा आणि मास्क हनुवटीवर ओढून दारात दहा मिनिटे गप्पा मारायच्या, हे दृश्य आपण सर्वांनी पाहिले आहे.

टपालखात्याचे काम टाळेबंदीतही अत्यावश्यक म्हणून चालू राहिले. टपालवाले आणि ग्रामीण डाकसेवक यंत्र घेऊन दारोदार गेले आणि बँकेतले पैसे लोकांना घरी मोजून दिले. त्यासाठी यंत्रावर अंगठा लागतो, आणि अंगठा शेजाऱ्याकडे ठेवता येत नाही. जुन्या मनिऑर्डरीत तरी, घेणाऱ्याला सही येत नसेल तर अंगठ्याला साक्षीदार म्हणून शेजारी उभा राही. १८८० पासून मनिऑर्डर चालू आहे, तेव्हा किती शेजाऱ्यांनी किती आयाबायांसाठी अशी साक्ष घातली असेल याला गणती नाही. यंत्राला साक्षीदार नको. जो जाईल त्याने समोरासमोर जायचे. एप्रिल २०२० मध्ये मालेगावात साथ भडकली, आपल्याच जिल्ह्यात वस्त्याच्या वस्त्या बांबू लावून बंद झाल्या, त्या दिवसांत हे काम चालले होते. त्याच महिन्यात सरकारने जाहीर केले की कामावर असताना या रोगाने टपाल कर्मचारी गेला तर कुटुंबाला दहा लाख रुपये मिळतील, आणि त्यात ग्रामीण डाकसेवकही धरले. चांगले केले. ते काही आकाशातून पडले नाही. १९४६ च्या जुलैतल्या टपाल संपापासून, १९६० च्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या संपापासून ज्या संघटना उभ्या राहिल्या, त्यांचे वजन त्या निर्णयामागे आहे, हे मी संघटनेचा माणूस म्हणून सांगितल्यावाचून राहणार नाही.

कुरियरच्या पोरांचे काय? इथे माझ्या प्रश्नाचे खरे मूळ आहे. टपालवाल्याचा पगार तुटपुंजा असेल, पण तो पगार होता. दार बंद असले तर तो पत्र परत नेई, दुसऱ्या दिवशी पुन्हा येई, आणि त्याच्या चुलीवर त्याचा परिणाम होत नसे. आजच्या पुष्कळ कुरियर पोरांना मोबदला मिळतो तो पोचवलेल्या नगावर. परत नेलेल्या पुडक्याचे पेट्रोल त्याचे, वेळ त्याचा, आणि पदरात काही नाही. मग शेजाऱ्याची घंटा तो वाजवणार नाही तर काय करणार? आपण त्याला शेजारधर्माचा प्रश्न समजतो. त्याच्या लेखी तो मजुरीचा प्रश्न असतो.

२०२१ च्या एप्रिलमधली एक गोष्ट सांगतो. नाशिकात खाट मिळत नव्हती, प्राणवायू मिळत नव्हता, ते दिवस. आमच्या ओळखीचा एक मुलगा औषधांचे पुडके घेऊन इंदिरानगरातल्या एका इमारतीत गेला. घराला कुलूप, घरचे सगळे इस्पितळात. शेजारच्या वृद्ध बाईंनी दार उघडले नाही. आतूनच म्हणाल्या, “बाळा, मला सत्तर वर्षं झाली, घरात ह्यांना दमा आहे. मी नाही हात लावणार.” मुलाने पुडके पायरीवर ठेवले नाही, कारण औषध महागडे होते, तो ते परत घेऊन गेला. त्याच्या कंपनीने त्या दिवशीची खेप धरली नाही, आणि ‘पोचवण्यात अपयश’ असा शेरा मारला. मी त्या कंपनीच्या व्यवस्थापकाला भेटलो. ते म्हणाले, “शेजाऱ्याला द्यायचं होतं की!” त्या बाईंचा काय दोष? मुलाचा काय दोष? दोघांनीही शहाणपणा केला होता, आणि दंड भरला एकाने.

आणखी एक शेजारी या काळात निर्माण झाला, त्याचे नाव वॉचमन. सोसायट्यांनी पोरांना फाटकाबाहेर थांबवले आणि साऱ्या इमारतीची पुडकी वॉचमनच्या टेबलावर जमा होऊ लागली. शंभर घरांचा शेजारी एक माणूस! त्याला कोणी विचारले नाही, त्याच्या पगारात रुपया वाढला नाही. आपण मात्र फाटकावर ‘सुरक्षित अंतर ठेवा’ अशी पाटी लावून निर्धास्त झालो.

तेव्हा माझे मत असे. ज्याच्या नावाचे पुडके आहे त्याने आधी सांगितले असेल आणि शेजाऱ्याने हो म्हटले असेल, तर साथीतही पुडके शेजाऱ्याकडे ठेवायला हरकत नाही. मात्र हातात न देता, दाराशी ठेवून, दोन पावले मागे सरून. ब्रिटनमध्ये २०१२ पासून टपाल शेजाऱ्याकडे देण्याची मुभा आहे, पण ज्याला ते नको असेल त्याला तसे कळवून बाहेर राहता येते. शेजाऱ्याला नाही म्हणण्याचा हक्क असला पाहिजे, आणि त्याने नाही म्हटले की पोऱ्याला पुडके परत नेण्याचा हक्क असला पाहिजे. हा दुसरा हक्क मजुरीशिवाय पोकळ आहे. दाराशी जाऊन आलेली प्रत्येक खेप भरली गेली पाहिजे, दार उघडो वा न उघडो.

कायद्याची चाके हळूहळू फिरत आहेत. सप्टेंबर २०२० मध्ये, साथ ऐन भरात असताना, संसदेने सामाजिक सुरक्षा संहिता मंजूर केली आणि मंचावरून काम करणाऱ्या कामगाराचे नाव प्रथमच केंद्रीय कायद्यात आले. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम या कामगारांच्या सुरक्षेसाठी द्यावी, असे त्यात आहे. पण त्याला मर्यादाही घातली आहे, कामगारांना देय असलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांची. राजस्थानने २०२३ मध्ये अशा कामगारांसाठी स्वतःचा कायदा केला. रिकाम्या खेपेच्या मजुरीची हमी मात्र या केंद्रीय संहितेतही नाही. आमच्या मुलांच्या मागणीपत्रात ती पहिल्या ओळीत आहे, आणि तिच्याखाली वॉचमन लोकांच्या सह्याही आहेत.