उंसाचें नत्र

खानदेशांत ऊंस नवा नव्हे. शिरपुराच्या दक्षिणेस, धुळ्याकडील पांझरेच्या कांठीं, बंधाऱ्याच्या पाटावर फडपद्धतीची शेती शतकानुशतकें चालत आली. एका फडांत ऊंस, इतरांत भुसार. आणि उंसाचा फड पाळीपाळीनें बदलावयाचा. जमिनीस तेवढाच विसांवा. कारण ऊंस मोठा खादाड. आडसाली लागणीस हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे.

ही भूक पूर्वी शेणखत व पेंड यांवर भागे. १९५१ सालीं सिंद्रीचा कारखाना अमोनियम सल्फेट काढूं लागला, मागाहून युरिया आला. शिरपूर तालुक्यांत दहिवदला सहकारी साखरकारखाना निघाला. पोत्यावरची भिस्त वाढत गेली.

१९८८ मध्यें ब्राझिलांतील कावालकांती व योहाना डोबेराइनर यांना मोठें नवल आढळलें. हवेंतील नत्र बांधणारा एक जीवाणू उंसाच्या मुळांत व कांड्यांतच नांदत होता! हाच ॲसिटोबॅक्टर, साखरेच्या रसांत तो सुखानें वाढतो. महात्मा फुले कृषि विद्यापीठानें सांगितलेली रीत सोपी आहे. दहा किलो ॲसिटोबॅक्टर व सव्वा किलो स्फुरद विरघळविणारे जीवाणू १०० लिटर पाण्यांत कालवावे आणि हेक्टरभराच्या टिपऱ्या त्यांत अर्धा तास बुडवून लावाव्या. निम्में नत्र वांचतें, असें विद्यापीठ सांगतें. बुरशीनाशक मात्र आधीं, जीवाणू मागून.

येथें एक गोम आहे. आयतें नत्र मुबलक मिळालें, कीं हा जीवाणू उंसांत फारसा वसत नाहीं, असें १९९९ मध्यें मेक्सिकोंतील संशोधकांना दिसलें. टिपऱ्या बुडवूनही जो शेतकरी पूर्वीइतकाच युरिया टाकतो, त्याचा जीवाणूंवरचा खर्च वायां जातो.